‘नॅचरल’ म्हणून मोकळं होऊ नका

‘स्थळ’ पाहिल्यावर आमच्या अकोल्याच्या मित्रांच्या ग्रुपवर एकच शब्द फिरत होता: नॅचरल. ‘काय नॅचरल काम केलं बे त्या पोरीनं!’ कौतुक मनापासूनचं आहे. पण मला ते खटकतं.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा सिनेमा २०२३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात गेला, तिथं त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये तो आपल्याकडे थेटरात लागला. चित्रीकरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात झालं. नट बहुतेक गावाकडचेच, अभिनयाचा अनुभव नसलेले. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता कॉलेजात समाजशास्त्र शिकते. स्पर्धा परीक्षा द्यायचं तिच्या डोक्यात आहे, आणि घरात ‘पाहण्याचे कार्यक्रम’ सुरू आहेत.

सविता झालेल्या नंदिनी चिकटेपुढे प्रश्न दरवेळी तेच येतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद कोणते. उत्तरंही तीच. म्हणजे संवादांतून फरक दाखवायची सोयच तिच्याकडे नाही. तरी प्रत्येक कार्यक्रमात सविता थोडी थोडी बदलत जाते. आवाजातली धास्ती कमी होते, तिथं कंटाळा येतो, मग कंटाळ्याखालचा राग जाणवायला लागतो. तेच वाक्य पुन्हा म्हणायचं आणि मागचा नकार त्यात ऐकू आला पाहिजे, हे आपोआप होत नसतं. ते काम आहे.

आता ‘गाभ्रीचा पाऊस’ आठवा. सतीश मनवर यांचा २००९ चा सिनेमा. नवरा जीव देईल या भीतीनं बायको पोराला त्याच्या मागावर ठेवते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी दोघंही पुण्याचे, आणि दोघांनीही विदर्भातलं हे घर खरं केलं. त्यांच्याबद्दल बोलताना आपण म्हणतो, ‘भाषेवर मेहनत घेतली.’ बरोबरच आहे. मग आपल्याकडची पोरगी तितकंच अवघड काम करते, तेव्हा मेहनतीचा शब्द कुठं जातो? ‘ती तशीच आहे’ म्हटलं, की श्रेय गावाला जातं, नटीला नाही. उद्या दुसऱ्या भूमिकेसाठी तिला कोणी बोलवावं, असं मग कोणाला कशाला वाटेल?

सिनेमा निर्दोष नाही. वर्गातलं स्त्री सक्षमीकरण आणि घरातला कार्यक्रम यांतला विरोध दिग्दर्शक गरजेपेक्षा जास्त अधोरेखित करतो. तिथं नंदिनीचा नुसता चेहरा पुरला असता.

आणि बोलीचं म्हणाल, तर चंद्रपूरची बोली आमच्या अकोला-अमरावतीची नाही. पण टीव्हीवर ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ ऐकलं की हसायचं असतं, अशी सवय आपल्यालाच लागली आहे. ‘स्थळ’मध्ये हे शब्द येतात आणि हसू येत नाही. पाहिला नसेल तर पाहा, आणि कोणाला सांगताना नटीचं नाव घेऊन सांगा.