ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने आणि श्रोत्याचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना :

व्याख्यान हा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा जुना घटक होय. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासून तालुक्याच्या गावी वाचनालयाने भरविलेल्या तीन दिवसांच्या व्याख्यानमालेपर्यंत ही परंपरा पसरलेली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला ध्वनिफितीची, नंतर चित्रफितीची आणि शेवटी आंतरजालाची जोड मिळाली. विद्यापीठे व महाविद्यालये आपल्याकडील व्याख्याने आणि परिसंवाद जतन करू लागली. या संग्रहाचे मोल सामान्यतः वक्त्याच्या योग्यतेवरून ठरविले जाते. प्रस्तुत लेखात ते दुसऱ्या अंगाने तपासावयाचे आहे. सार्वजनिक प्रश्न आणि विज्ञान या विषयांवरील व्याख्यानांच्या मुद्रणात श्रोत्याच्या प्रश्नाला कोणते स्थान मिळते, एवढाच येथे विचार आहे.

वक्तृत्वाची ध्वनिफीत :

सोलापूरच्या नवी पेठेत आज मोबाईलच्या दुकानांची गर्दी आहे. ध्वनिफितींचा काळ होता तेव्हा प्रस्तुत लेखकाने याच पेठेतून प्राचार्य शिवाजीराव भोसले यांच्या व्याख्यानांच्या फिती घेतल्या होत्या. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या भोसले यांची वाणी घरोघर पोहोचली, ती प्रामुख्याने या फितींमुळे. स्वामी विवेकानंदांसारख्या विषयांवरील त्यांची व्याख्याने आजही ऐकावीशी वाटतात. मात्र तेथे श्रोता असतो तो टाळ्यांपुरता. चरित्रपर व्याख्यानात हे उणे वाटत नाही, कारण तेथे श्रोत्याला भारावून जावयाचे असते. अडचण येते ती हाच साचा पाणीवाटप, आरक्षण, अणुऊर्जा किंवा विश्वाची उत्पत्ती अशा विषयांना जसाच्या तसा लावला जातो तेव्हा. ज्या विषयात वक्ता चुकू शकतो, त्या विषयात टाळी हा पुरेसा प्रतिसाद ठरत नाही. मराठीतील बहुतेक मुद्रणे मात्र अजूनही भोसले यांच्या फितीचाच आदर्श नकळत समोर ठेवून केलेली दिसतात, त्यांची वाणी जवळ नसतानाही.

एकमार्गी प्रक्षेपणाचा वारसा :

या सवयीला तंत्राचीही पार्श्वभूमी आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा 'साइट' हा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता, परंतु सोलापूरला लागून असलेले विजापूर व गुलबर्गा हे कर्नाटकातील जिल्हे होते. शेती, आरोग्य, विज्ञान यांवरील कार्यक्रम थेट गावच्या संचावर उतरले. त्या संचाला उलट काही विचारण्याची सोय नव्हती. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केले. पुणे विद्यापीठातील माध्यम केंद्रासह देशातील अनेक केंद्रांनी त्यासाठी कार्यक्रम तयार केले. दर्जा बरा होता, भाषा मुख्यतः इंग्रजी होती. मोठी शहरे सोडून अन्यत्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून ही योजना आखली गेली, आणि त्यांपैकी ज्यांचे शिक्षण मराठीतून झाले होते त्यांना तिची भाषाच परकी होती. २० सप्टेंबर २००४ रोजी सोडण्यात आलेल्या 'एज्युसॅट'मुळे दूरच्या वर्गातून प्रश्न विचारणे तांत्रिकदृष्ट्या शक्य झाले. २०१० मध्ये तो उपग्रह सेवेतून निवृत्त झाला. आता आंतरजालामुळे उपग्रहाची गरज उरलेली नाही. सवय मात्र एकमार्गीच राहिली.

प्रश्नाची प्रतिष्ठा :

याउलट उदाहरण आपल्याच भाषेत आहे. डॉ. जयंत नारळीकर (निधन २० मे २०२५) शाळकरी मुलांना सहसा स्वाक्षरी देत नसत. विज्ञानातील एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तर स्वाक्षरीसह येईल, असे ते सांगत, आणि उत्तरे पाठवीत. या साध्या पद्धतीत विज्ञानप्रसाराचे एक संपूर्ण धोरण सामावलेले आहे असे म्हणावे लागेल. स्वाक्षरी हवी असेल तर आधी प्रश्न पडला पाहिजे! मोठ्या व्यक्तीभोवती जमलेल्या गर्दीचे रूपांतर विचारणाऱ्यांत करण्याची ही युक्ती कोणत्याही चित्रमुद्रण कक्षाला अद्याप सुचलेली नाही.

परदेशातही प्रश्नाला जागा एकाएकी मिळालेली नाही. बीबीसीची रीथ व्याख्याने १९४८ मध्ये बर्ट्रांड रसेल यांच्यापासून सुरू झाली, तेव्हा वक्ता एकटाच ध्वनिक्षेपकासमोर असे. १९९९ मध्ये अँथनी गिडन्स यांची व्याख्याने श्रोत्यांसमोर झाली, त्यांपैकी एक दिल्लीत, आणि त्यांत श्रोत्यांचे प्रश्नही आले. हार्वर्ड विद्यापीठातील मायकेल सँडेल यांचा न्यायविषयक अभ्यासक्रम २००९ मध्ये बारा भागांत सर्वांसाठी खुला झाला. तो जगभर पाहिला गेला त्याचे श्रेय सँडेल यांच्या वक्तृत्वाइतकेच विद्यार्थ्यांच्या हाती दिलेल्या ध्वनिक्षेपकाला आहे. विद्यार्थी अडखळतात, परस्परांना खोडून काढतात, आणि हे सारे ऐकू येते. अर्थात हार्वर्डची साधनसामग्री आपल्या महाविद्यालयाजवळ नाही, हे मान्य. परंतु एक जादा बिनतारी माईक हा काही खर्चाचा विषय नव्हे.

खरी अडचण सभागृहाच्या मांडणीत आहे. आपल्याकडे मुद्रण बहुधा ध्वनियंत्रणेच्या मिक्सरवरून थेट घेतले जाते. व्यासपीठावरील माईकमधून जे येते तेवढेच मुद्रित होते. मागच्या रांगेतून उठून बोलणाऱ्याचा आवाज सभागृहाला ऐकू जातो, मुद्रणात उतरत नाही. वक्त्याने उत्तरापूर्वी प्रश्न स्वतःच्या तोंडून पुन्हा सांगितला तरी हानी टळते, पण सूत्रसंचालक तशी विनंती क्वचितच करतात. पुढे संकलन करणारा तो निःशब्द भाग 'रिकामा' समजून कापून टाकतो. वेळ उरलाच नाही तर प्रश्नोत्तरे गाळून आभारप्रदर्शन होते. आभारप्रदर्शन मात्र संपूर्ण मुद्रित असते.

प्रश्न विचारणारे सारेच प्रश्न विचारतात असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. काहीजण उभे राहून स्वतःचेच व्याख्यान देतात. त्यांना आवर घालण्यास संकलनाची कात्री जरूर वापरावी, पण त्यांच्याबरोबर सर्वांनाच गाळणे योग्य नव्हे.

सोलापुरात या हानीचे स्वरूप अधिक गंभीर आहे. १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालेले व २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव लाभलेले येथील विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते आहे. त्यापूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. एका जिल्ह्याचे विद्यापीठ असणे ही मर्यादा मानली जाते, पण जिल्ह्याने काय विचारले याची नोंद ठेवण्याची संधीही तीच आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेला विद्यार्थी वस्त्रोद्योगावरील व्याख्यात्याला जो प्रश्न विचारील, तो मुंबईत विचारला जाणार नाही. उजनी धरण जिल्ह्यात असून शहराला पाणी काही दिवसांआड का, हा प्रश्न जलतज्ज्ञाला येथेच विचारला जाईल. वक्त्याचे विचार त्याच्या पुस्तकात सापडतात. श्रोत्याचा प्रश्न मात्र त्या सभागृहाखेरीज कोठेही नसतो, आणि पुढील काळातील इतिहासकाराला नेमका तोच हवा असणार आहे.

काही वर्षांपूर्वी शहरातील एका महाविद्यालयात दुष्काळ आणि ऊस या विषयावर परिसंवाद झाला. प्रस्तुत लेखक तेथे उशिरा, प्रश्नोत्तरे संपल्यावर पोहोचला, म्हणून त्याने मुद्रण मागवून घेतले. दीड तासाच्या भाषणांनंतर एक अध्यापक कोणाला तरी 'बोल, बोल' म्हणतात. त्यानंतर पंख्यांची घरघर. मग वक्ता चष्मा काढतो, थोडा थांबतो आणि म्हणतो, 'तुझे बरोबर आहे, हा विचार मी केला नव्हता.' कोणता विचार, ते मुद्रणात नाही.