काशीकरांची खुर्ची

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून प्रस्थापित समीक्षेने बेणारेबाईच्या दुःखावर आणि मध्यमवर्गाच्या दंभावर पुष्कळ लिहिले. ते खोटे नाही. पण खोडाळ्यात बसून हे नाटक वाचताना माझे लक्ष खटल्याच्या रीतीकडे जाते.

भ्रूणहत्येचा आरोप खेळ म्हणून ठेवला जातो आणि बघता बघता खरा होतो. गावचा सामंत हातातल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो, आणि तो ग्राह्य धरला जातो! न्यायाधीश काशीकर खुर्ची सोडून स्वतःच साक्ष देतात व पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसतात. ज्या प्रोफेसर दामल्यांचे नाव निघते ते गैरहजर. त्यांच्यावर खटला नाही. आरोपीला बोलायला दहा सेकंद. आणि आरोप भ्रूणहत्येचा असताना शिक्षा काय, तर गर्भ नष्ट करण्याची.

तेंडुलकरांना ही रीत अचूक सापडली. पण त्यांचा खेड्यातला माणूस भोळा, आणि न्याय करायला बसलेले सारे शहरी. त्यामुळे आपल्या वाचकाला वाटते, काशीकर म्हणजे ते लोक, आपण नव्हे.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचले या आदिवासी गावाजवळ, चोर आणि मुले पळवणारे आल्याच्या अफवेवर जमावाने दोन साधू व त्यांचा चालक यांना पोलिसांदेखत ठार मारले. सामंताच्या कादंबरीला निदान छापील पाने होती. मग दुसरा खटला उभा राहिला. कोणी घटनेला धर्माचा रंग दिला, कोणी अख्ख्या आदिवासी समाजाला आरोपी केले. अटकेतल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, हे दाखवण्यासाठी राज्याच्या गृहमंत्र्यांनी त्यांची नावेच जाहीर केली. दोष अजून कोणावरही सिद्ध व्हायचा होता.

कार्यकर्ते विचारतील, कोर्टाने तरी आम्हाला कधी न्याय दिला? प्रश्न रास्त आहे. पण १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आठवावा. जमातीवर मारलेला शिक्का बरोबर की चूक, हे तपासण्याची मुभा त्या कायद्याने कोर्टालाही ठेवली नव्हती. तो देशभरातून जायला १९५२ उजाडले. तिथे कोर्टाचा जाच नव्हता, कोर्टच नव्हते. आपल्या संघटनांच्या बैठकांत एखाद्यावर बालंट येते तेव्हा साक्षीदार आणि न्यायाधीश वेगळे असतात का?

खोडाळ्याच्या पोरांनी हे नाटक जरूर बसवावे. फक्त काशीकर मुंबईचा करू नये. तो आपल्याच बोलीत बोलणारा, आपल्या ओळखीचा असावा.