वाळीत टाकण्याची व्याख्या

कलमंही चवीनं वाचता येतात, आणि पुणेकराला त्यासाठी कारणही आहे. १८९० साली ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण आलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं. तेव्हा आरोपीच्या जागी चहा पिणारे होते. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानं तिथं जातीच्या पंचांना उभं केलं.

या कायद्यातल्या व्याख्येची चव तुलनेनं कळते. त्याच वर्षी आयएचआरए या आंतरराष्ट्रीय संस्थेनं ज्यूद्वेषाची व्याख्या स्वीकारली. ती 'ज्यूंविषयीच्या धारणे'पासून सुरू होते, खाली अकरा उदाहरणं. ती बंधनकारक नव्हती. पण अमेरिकेतली राज्यं ती कायद्यात घेऊ लागली आणि त्या उदाहरणांवरच वाद पेटला. आपल्या कायद्याचा मसुदाकार धारणेच्या वाटेला जातच नाही. समाजातल्याच माणसाशी भेदभाव करणारा तोंडी वा लेखी इशारा किंवा कृती, एवढं म्हणून तो थेट तिसऱ्या कलमाकडे बोट दाखवतो. त्यातला 'तोंडी' फार जाणतेपणानं आला आहे. वाळीत टाकल्याचा कागद कोण देतो? निरोप कानोकानी फिरतो, दुसऱ्या दिवशी किराणावाला नजर चुकवतो.

तिसरं कलम सावकाश वाचावं. लग्नाला आडकाठी, अंत्यविधीला मज्जाव, स्मशानभूमी बंद, धंद्याचे संबंध तोडणं. आणि मग अनपेक्षितपणे, ठरावीक पोशाखाची किंवा भाषेची सक्ती. सोयरिकीपासून सरणापर्यंत समाज माणसाला कुठं कुठं धरून असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याचीच ही यादी.

जातपंचायतीची व्याख्याही तशीच पक्की: नोंदणी असो-नसो, नाव काहीही असो. 'आमची पंचायत नाही हो, नुसती बैठक' हा बचाव पहिल्याच ओळीत निकालात! बहिष्कारासाठी जमणंही बेकायदा. मात्र हे सारं एकाच समाजाच्या आतलं. जातीजातींमधली अस्पृश्यता १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यांकडे. ही मर्यादा मला खटकत नाही, रेघ कुठं ओढायची ते इथं नीट ठरलेलं आहे. गुन्हा जामीनपात्र ठेवला, ते मात्र खटकतं.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातीत परत घ्यायला पंच दंड वसूल करत. आता न्यायालय पंचांकडून घेतलेला दंड वाळीत पडलेल्याच्या हाती देऊ शकतं.