७४ विरुद्ध ३९: हा आकडा नक्की कशाचा?

पित्तनलिका दबून कावीळ झालेल्या पेशंटला आधी स्टेंट टाकायचा की थेट ऑपरेशन करायचं? जर्नल क्लबमध्ये हा विषय निघाला की कोणीतरी ‘ड्रॉप’ ट्रायलचं नाव घेतंच. नेदरलँड्समधली, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१० साली आलेली. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कॅन्सरचा संशय असलेले २०२ रुग्ण. थेट ऑपरेशनच्या गटात गंभीर गुंतागुंत ३९ टक्के, आधी स्टेंट टाकलेल्या गटात ७४ टक्के.

पहिल्या वर्षी मी सेमिनारमध्ये ठोकून दिलं होतं की स्टेंटमुळे ऑपरेशननंतरचा संसर्ग दुप्पट होतो. ते चूक होतं. का, ते बघा.

त्या ७४ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आहेत. स्टेंटशी संबंधित गुंतागुंत ४६ टक्के, ऑपरेशनशी संबंधित ४७ टक्के. (बेरीज जुळत नाही म्हणून गोंधळू नका, काहींना दोन्ही झाल्या.) नुसत्या ऑपरेशनची तुलना केली तर ४७ विरुद्ध ३७, आणि हा फरक सांख्यिकीय कसोटीवर टिकला नाही. म्हणजे बरंचसं नुकसान स्टेंटपाशीच झालेलं आहे. एरवी पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेली स्नायूंची झडप आतड्यातले जिवाणू वर जाऊ देत नाही. स्टेंट ती झडप उघडी ठेवतो. त्यात तेव्हा प्लास्टिकचे स्टेंट वापरले होते, आणि ते लवकर तुंबतात. तुंबला की पित्तात जंतू वाढतात, हुडहुडी भरून ताप येतो.

अँटिबायोटिकचंही तसंच. २०२३ च्या जामामधल्या अमेरिका-कॅनडाच्या ट्रायलमध्ये सेफॉक्सिटिनऐवजी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिल्यावर ऑपरेशनच्या जागेचा संसर्ग ३२.८ वरून १९.८ टक्क्यांवर आला. आकडा भारी आहे, पण तुमच्या वॉर्डातले जिवाणू त्याच औषधाला दाद देतात का, हे तुमच्याच पित्ताच्या कल्चरमधून कळणार ना.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. मी झरी जामणीकडचा. आमच्याकडे पोडावरच्या माणसाला कावीळ झाली की आधी झाडपाला, मग वणी, मग यवतमाळ, मग नागपूर. तोवर बिलिरुबिन २० च्या वर गेलेलं असू शकतं. ड्रॉपमध्ये वरची मर्यादा २५० मायक्रोमोल होती, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण १४.६ मिलिग्रॅम. त्याहून पिवळा पेशंट त्या ट्रायलमध्ये नव्हताच. आणि ‘थेट ऑपरेशन’ म्हणजे निदानापासून आठवड्याभरात. इथे रक्त, पैसा आणि ओटीची तारीख जमेपर्यंत महिना गेला, तर त्या पेशंटला ड्रॉपच्या आधारावर ‘स्टेंट नको’ म्हणणं मला पटत नाही.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना दाखल झाल्या दिवशीचं बिलिरुबिन आणि निदान ते ऑपरेशन हे दिवस वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. स्टेंट प्लास्टिकचा की धातूचा, हेही तेव्हाच लिहून घ्या. नंतर केसपेपरमध्ये ते सापडत नाही.