1991 साली पावसाला काहीही झालं नव्हतं

आधी आलेख सांगते, चूक नंतर. सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या चौकोनांवर वर्षाला 64.5 मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाचे दिवस किती, हे मी 1901 पासून मोजत होते. 1990 पर्यंत रेघ नेहमीसारखी वरखाली होत जाते आणि 1991 ला धाडकन पाव पटीवर येते. वार्षिक सरासरी मात्र जागच्या जागी. म्हणजे पाऊस तेवढाच, मोठ्या पावसाचे दिवस तेवढे गायब! बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा 2006 चा प्रसिद्ध पेपर मध्य भारतात अतिपावसाच्या घटना वाढल्याचं सांगतो आणि माझं हे भलतंच. लपवत नाही, दोन दिवस मी एरोसोलवरचे पेपरही चाळले.

खरी गोष्ट अशी की 1990 पर्यंतच्या फाइली मी माझ्या पीसीवर जीफोर्ट्रानने चालवल्या होत्या आणि पुढच्या विभागातल्या क्लस्टरवर, इंटेलच्या आयफोर्टने. कोड तोच होता.

पहिला संशय अर्थात ऑप्टिमायझेशनवर. ते बंद केलं, ढिम्म फरक नाही. असा आठवडा घालवल्यावर जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: एकाच वर्षाची फाइल दोन्हीकडे वाचून प्रत्येक रेकॉर्डमधल्या पावसाची बेरीज छापली. पहिलं रेकॉर्ड जुळलं. क्लस्टरवरचं दुसरं रेकॉर्ड पीसीवरच्या पाचव्याशी जुळलं. तिसरं नवव्याशी.

आता थोडी आकडेमोड. हवामान विभागाच्या 0.25 अंशाच्या पर्जन्य-फाइलीत एका दिवसाचे 135 गुणिले 129, म्हणजे 17415 आकडे असतात. प्रत्येकी 4 बाइट, म्हणून दिवसाला 69660 बाइट. दिवस एकापाठोपाठ एक चिकटलेले, मध्ये कसलीही खूण नाही. रेकॉर्ड किती लांब हे आपणच 'आरईसीएल'मध्ये सांगायचं. पण 69660 काय? जीफोर्ट्रान म्हणतो बाइट. आयफोर्ट, वेगळं सांगितलं नाही तर, अशा अनफॉरमॅटेड फाइलीत 4 बाइटचं एकक धरतो. झालं! माझं एक रेकॉर्ड चार दिवसांचं झालं आणि वाचला गेला त्यातला फक्त पहिला दिवस.

सरासरी का बिघडली नाही, हे लक्षात आलं का? दर चौथा दिवस वर्षभर उचलला तर तो बऱ्यापैकी चांगला नमुनाच असतो. बेरजेला वाचलेल्या दिवसांनी भागलं की उत्तर जवळपास बरोबर. घाट ओला, पलीकडे पर्जन्यछाया, नकाशा अगदी देखणा. मी नुसती सरासरी छापून पुढे गेले असते तर कुणालाच कळलं नसतं. मोजणीत मात्र दिवस पाव होतात, आणि सलग पावसाच्या दिवसांचं तर विचारूच नका. 365 दिवसांच्या वर्षात 2, 6 आणि 10 जून तिथे शेजारी बसतात.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला एका ओळीचा: 'अझ्यूम बाइटरेकएल' हा पर्याय लावा. सल्ला बरोबर आहे, पण मला तो पटत नाही. पर्याय राहतो मेकफाइलमध्ये आणि गृहीतक कोडमध्ये. पुढचा विद्यार्थी कोड उचलेल, मेकफाइल स्वतःची लिहील.

कंपायलरलाही मी दोष देणार नाही. फोर्ट्रान 77 च्या मानकानेच हे एकक ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं, आणि 4 बाइटची सवय डेकच्या व्हॅक्स यंत्रांपासून चालत आली आहे. फोर्ट्रान 2003 ने 8 बिटांच्या एककाची शिफारस केली, पण शिफारसच. आता इतकी जुनी सवय कोण मोडणार?

माझा राग आहे तो आमच्या कोडमधल्या एका ओळीवर: 'आयओस्टॅट' शून्य नसेल तर लूपमधून बाहेर पड. लिहिणाऱ्याच्या मनात फाइल संपणं होतं, पण ती ओळ प्रत्येक एररला फाइलीचा शेवट समजते. 365 दिवसांच्या फाइलीत नव्वदीच्या आसपास रेकॉर्ड संपल्यावर आयफोर्ट एरर देतच होता. आम्हीच त्याचं तोंड दाबलं. किती रेकॉर्ड वाचली हे छापायचं तर कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही.

आता मी लांबी हाताने लिहीत नाही. 'इन्क्वायर'ला 'आयओलेंग्थ' विचारते, ते त्या त्या कंपायलरच्या एककात उत्तर देतं. ही सोय फोर्ट्रान 90 पासून आहे! नवीन कोडमध्ये सरळ स्ट्रीम पद्धत वापरते. शिवाय वाचण्याआधी फाइलीचा आकार तपासते: 365 दिवसांना 2,54,25,900 बाइट. भागाकार 365 किंवा 366 आला नाही तर प्रोग्राम थांबतो.

1991 चा कडा गेला. पण हाच कोड लॅबमध्ये माझ्याआधी तिघांनी वापरलाय आणि कुठलं आउटपुट कुठल्या मशीनवर निघालं याची नोंद नाही. सध्या मी ती आउटपुटं एकेक करून उघडतेय आणि दिवस मोजतेय.