नियम पुस्तकातले आणि नियम टेबलावरचे



'खेळ आणि नियम' या आपल्या मालिकेत मागच्या वेळी आपण बुद्धिबळावर बोललो. आज जो खेळ घेतला आहे, तो ऐकणाऱ्यांपैकी काही जण दर आठवड्याला खेळत असतील आणि काहींनी त्याचं नावही ऐकलं नसेल. नाव आहे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. म्हणून आधी तो चालतो कसा हे थोडक्यात सांगतो, मग परीक्षणाकडे वळू.

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. हल्ली बरेच जण आपापल्या घरी स्क्रीनसमोर बसतात, पण गोष्ट तीच. त्यातला एक जण जग चालवतो. इंग्रजीत त्याला डंजन मास्टर म्हणतात, आपण सूत्रधार म्हणू. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. सूत्रधार सांगतो, "तुमच्यासमोर बंद दरवाजा आहे, आतून धुराचा वास येतोय." पुढे काय करायचं ते खेळाडू तोंडानं सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. पट असलाच पाहिजे असं नाही, शेवटी कुणी जिंकत नाही, आणि एकच कथा वर्षानुवर्षं चालू शकते.

माझा मुद्दा आधीच मांडून ठेवतो. या खेळाची जाडजूड नियमपुस्तकं आहेत आणि ती विकणारी मोठी कंपनी आहे. तरीही खेळ चालतो तो बसलेल्या माणसांच्या संमतीवर. म्हणून या खेळाची परीक्षा करताना कथा किती रंगली, चित्रं किती सुंदर, हे प्रश्न दुय्यम. पहिला प्रश्न हा, की या टेबलावर 'हो' कोण म्हणू शकतं आणि 'नाही' कोण म्हणू शकतं?

जॉन सर्ल या तत्त्वज्ञानं नियमांचे दोन प्रकार केले, ते तुम्हाला मागच्या वेळचे आठवत असतील. जेवताना तोंडाचा आवाज करू नये, हा एक प्रकार. हा नियम नसता तरी माणसं जेवलीच असती. दुसरा प्रकार बुद्धिबळाचा. तिथे नियम काढून घेतले तर उरतात फक्त लाकडाचे तुकडे. नियमांमुळेच तो खेळ अस्तित्वात येतो. आता बुद्धिबळात एखाद्या गोष्टीबद्दल नियम नसेल, तर ती गोष्ट त्या खेळात नाहीच. घोडा रागावून पट सोडून गेला, असं होत नाही. पण आज आपण ज्या खेळाबद्दल बोलतोय, तिथे जिथे नियम गप्प होतात तिथेच खरी मजा सुरू होते.

उदाहरण देतो. गेलं वर्षभर मी एका ऑनलाइन गटात शनिवारी रात्री खेळतो. सगळी मंडळी माझ्या निम्म्या वयाची. मला 'सर' म्हणतात, आणि माझं पात्र एक चिडका बुटका धर्मगुरू आहे म्हणून हसतात. एकदा शत्रू पाठीमागे लागलेले असताना एक मुलगी म्हणाली, "मी पुलाखाली लपते." तोवर पूल आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं! सूत्रधार क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हो, आहे एक मोडका पूल. पण खालचं पाणी बर्फासारखं गार आहे." झालं, पूल उभा राहिला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं त्यावर जकात घेणारा म्हातारा बसवला. आता हा पूल कोणत्या नियमानं आला? पुस्तकात तो नाही. फाशावर तो पडला नाही. एकीनं म्हटलं, दुसऱ्यानं मान्य केलं, बाकीच्यांनी हरकत घेतली नाही. या जगातली प्रत्येक वस्तू अशीच जन्माला येते.

तुम्ही म्हणाल, आपल्या कोकणातल्या दशावतारातही लिहिलेली संहिता नसते. कथा आधी ठरते, संवाद रंगमंचावर सुचतात. साम्य आहे खरं. पण तिथे समोर प्रेक्षक असतात. इथे जो ऐकतो तोच बोलतो. त्यामुळे या खेळाचं परीक्षण बाहेर खुर्ची टाकून करता येत नाही. टेबलाशी बसावं लागतं.

ही संमतीची गोष्ट खेळात कुठून आली, ते पाहू. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ आला, 'क्रीगश्पील'. त्याचे नियम इतके किचकट होते की १८७६च्या सुमारास काही अधिकाऱ्यांनी मागणी केली, कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला निर्णय देऊ द्या. म्हणजे लिखित नियम की माणसाचा विवेक, हा वाद तेव्हाचा आहे. १९६९ साली अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेसली यानं नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला. नेहमीच्या सेनापतींबरोबर त्यानं काही खेळाडूंना गावातल्या माणसांच्या भूमिका दिल्या. खेळाडू लढाई सोडून आपापसांत गुप्त बोलणी करायला लागले, नियमांत नसलेल्या गोष्टी करायला लागले. वेसलीला वाटलं, प्रयोग फसला. खेळणाऱ्यांना मात्र तोच खेळ पुन्हा हवा होता. त्यांच्यातल्या डेव्ह आर्नेसननं त्यातून 'ब्लॅकमूर' नावाचं काल्पनिक जग उभं केलं, आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केलं. तीन छोट्या पुस्तिका, एक खोका, पहिली आवृत्ती १००० प्रतींची.

ग्रंथ म्हणून पाहिलं तर त्या पुस्तिका गचाळ आहेत. मांडणी विस्कळीत, कितीतरी गोष्टी अर्ध्यावर सोडलेल्या, आणि लढाई कशी करायची हे समजून घ्यायला दुसराच एक खेळ हाताशी असावा लागे. समीक्षक म्हणून मी त्यांना फार गुण देणार नाही. पण परिणाम बघा. पुस्तक अपुरं, त्यामुळे प्रत्येक गावातल्या प्रत्येक गटाला उरलेला खेळ स्वतः रचावा लागला. १९७५ साली लॉस एंजेलिसमध्ये ली गोल्ड या बाईंनी 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' नावाचं एक मासिक सुरू केलं. खेळणाऱ्यांनी आपापली पानं पाठवायची, सगळ्यांची पानं एकत्र बांधून टपालानं सगळ्यांना जायची. कुणी नवा नियम सुचवी, कुणी तो खोडून काढी, कुणी आपल्या बैठकीचा वृत्तांत देई. इंटरनेटच्या कितीतरी आधी हा समाज असा कागदावर भरत होता. त्या अपुऱ्या पुस्तकानंच त्याला जागा करून दिली.

मग उलटी हालचाल सुरू झाली. १९७७ ते १९७९ या काळात 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीची तीन मोठी पुस्तकं आली. गायगॅक्सचा आता आग्रह असा, की सगळीकडे खेळ एकसारखा खेळला जावा. त्यामागचं कारण अगदीच चुकीचं नव्हतं. स्पर्धा भरत होत्या. एका गावचा खेळाडू दुसऱ्या गावी गेला तर त्याला तोच खेळ मिळायला हवा. अर्थात, एकच प्रमाण खेळ झाला की पुस्तकंही एकाच घरची विकली जातात, हेही खरं.

पण प्रमाण नियम लिहिला की लिहिणाऱ्याचे पूर्वग्रहही प्रमाण होतात. १९७८च्या त्या पुस्तकात मानवी स्त्री-पात्राच्या ताकदीला पुरुष-पात्रापेक्षा खालची मर्यादा घातली होती. विचार करा, ज्या जगात ड्रॅगन उडतात आणि मेलेला माणूस मंत्रानं उठतो, तिथे बाई पुरुषाइतकी बलवान असणं मात्र लेखकाला अशक्य वाटलं! १९८९च्या आवृत्तीत हा नियम गेला. दुसरी गोष्ट नीतीची. मूळ खेळात सुव्यवस्था, तटस्थता आणि अराजक अशा तीन बाजू होत्या. पुढे त्याला चांगलं-वाईट जोडून नऊ खणांचा तक्ता झाला आणि प्रत्येक प्राण्याला एक खण मिळाला. 'ऑर्क' नावाची एक अख्खी जमातच जन्मतः वाईट ठरली. नीतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला इथे थांबावंच लागतं. ज्याला निवड करताच येत नाही, त्याला वाईट म्हणणार कसं? आणि ज्याला मारण्यात काहीच चूक नाही असं आधीच ठरवून ठेवलंय, त्याला मारण्यात शौर्य ते काय? खेळणाऱ्यांनी हे प्रश्न अनेक वर्षं विचारले. २०२४च्या नव्या पुस्तकात 'वंश' या अर्थाचा शब्द जाऊन 'प्रजाती' या अर्थाचा शब्द आला. शब्द बदलला म्हणजे विचार बदलला असं मी मानत नाही, पण हा बदल पुस्तकातून टेबलाकडे गेलेला नाही. टेबलाकडून पुस्तकाकडे आलेला आहे.

आता कुणाला वाटेल, मी टेबलाची बाजू घेतोय, म्हणजे संमती झाली की सगळं क्षेम. तसं नाही. संमतीचा सगळ्यात मोठा दोष आपल्याला महाभारतानं दाखवून ठेवलेला आहे. द्यूतसभेत फासे पडतात, पण लावले जाणारे पण सगळ्यांसमोर लावले जातात. द्रौपदी प्रश्न विचारते, तो नियमाचाच प्रश्न आहे. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावायचा अधिकार उरला होता का? भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे. विकर्ण उठून म्हणतो, हे चूक आहे, आणि कर्ण त्याला गप्प करतो. त्या सभेत 'नाही' म्हणणारा होता. पण त्याच्या 'नाही'नं खेळ थांबेल अशी सोय नव्हती. बाकीच्यांच्या मौनाला संमती समजलं गेलं.

अशी मौनं या खेळातही असतात. नवा खेळाडू, एकटीच मुलगी, भाषा अडखळणारा कुणी. कथेत छळाचं किंवा बलात्काराचं वर्णन सुरू होतं, त्याला ते सहन होत नाही, पण 'मजा घालवू नको' म्हणतील म्हणून तो गप्प बसतो. यावर जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी एक साधा उपाय काढला, 'एक्स कार्ड'. टेबलाच्या मधोमध फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. कुणीही त्याला हात लावला की चाललेला भाग गाळायचा. कारण विचारायचं नाही.

यावर जुन्या खेळाडूंचा आक्षेप आहे की यानं खेळ मिळमिळीत होतो, भय उरत नाही. आक्षेप गंभीर आहे. भय आणि करुणा नसलेली कथा मलाही नको. पण माझा अनुभव उलट आहे. थांबता येतं हे माहीत असलं की माणसं जास्त खोल पाण्यात उतरतात. आणि तत्त्वतः पाहिलं तर, जिथे 'नाही' म्हणायची सोयच नाही तिथल्या 'हो'ला संमती म्हणता येत नाही.

शेवटचा मुद्दा मालकीचा. २००० साली मालक कंपनीनं, विझार्ड्स ऑफ द कोस्टनं, एक खुला परवाना दिला. मूळ नियमांचा मोठा भाग वापरून कुणीही आपलं साहित्य छापावं, विकावं. त्यावर कितीतरी छोटे प्रकाशक उभे राहिले. जानेवारी २०२३मध्ये नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. जुना परवाना रद्द करायचा, साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत वाटा घ्यायचा, आणि इतरांनी लिहिलेलं वापरायचा हक्क कंपनीकडे ठेवायचा, असं त्यात होतं. खेळणारे खवळले. अनेकांनी कंपनीच्या डिजिटल सेवेची वर्गणी बंद केली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीनं माघार घेतली. जुना परवाना राहिला, आणि नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला. तो आता परत घेता येणार नाही.

याला मी ग्राहकांचा विजय म्हणणार नाही. ग्राहक किंमत कमी मागतो. या लोकांचं म्हणणं वेगळं होतं: हे जग आम्ही तुमच्याकडून आयतं घेतलेलं नाही, यातले अर्धे पूल आम्ही बांधलेत. १९७४ पासून अपुरं पुस्तक पुरं करत आलेल्या माणसांचा तो 'नाही' होता, आणि या वेळी सभेला तो ऐकावा लागला.

पण हाच समाज आपल्या छोट्या टेबलावर नव्या माणसाला तसा ऐकतो का? "नियम नीट वाचून ये" म्हणून त्याला हसतो का? कंपनीला जो न्याय मागितला, तोच शेजारी बसलेल्याला द्यावा लागतो, आणि तिथे अजून बरंच काम बाकी आहे. तेव्हा, तुमच्यापैकी जे खेळतात त्यांना एवढंच सुचवतो. पुढच्या बैठकीत फासा बाजूला ठेवून जरा लक्ष द्या. आज कुणी काय सुचवलं, त्यातलं कुणाचं जगात आलं, आणि कोण तासभर बोललंच नाही. तुमच्या खेळाचं परीक्षण तिथून सुरू करा.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा. पुढच्या वेळी आपण फाशाबद्दल बोलू, म्हणजे योगायोग आणि दैव यांत फरक काय, याबद्दल.