चाकांवरच्या भिंती

कन्हेरी म्हटलं की शहाण्या माणसाला बोरिवलीची लेणी आठवतात. आमची कन्हेरी ती नव्हे. आमची बारामतीजवळची, निवडणूक आली की ज्या मारुतीपुढे पवारांच्या प्रचाराचा नारळ फुटतो, त्या मारुतीची. बोरिवलीकडच्या कन्हेरीत ३४ नंबरच्या लेण्यात छतावर बुद्धाची चित्रं अर्धवट राहिली आहेत, आणि जाणकार मंडळी मान मोडेपर्यंत ती बघत उभी राहतात. चित्रकलेच्या संदर्भात आमच्या कन्हेरीचं नाव कुणी घेतल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत परीक्षण.

विषय : माझ्या चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या, गाडीच्या आतल्या भिंती.

राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. ती बातमी दादानं वर्तमानपत्रातून कापून पासबुकात ठेवली. पुढे उसाचं बिल जमा झालं आणि त्यानं सतरा सीटांची एक जुनी मिनी-बस घेतली. सीटा काढल्या, दोन बाजूंना दोन पलंग ठोकले, मागे ओटा, ओट्याखाली सिलिंडर, वर कपाट. नोंदणीच्या कागदांची हकिगत वेगळी आहे, ती पुन्हा केव्हातरी. दादा या वाहनाला ‘कॅराव्हॅन’ म्हणतो. वहिनी ‘ह्यांचं ते खटारं’ म्हणतात.

आता, बँकेतल्या कारकुनानं कलेवर का बोलावं, असं कुणी विचारील. मी बी.कॉम. आहे हे मान्य. पण वीस वर्षं मी रोज चेकवरची सही कार्डावरच्या सहीशी ताडून बघतो. मूळ काय आणि नक्कल काय, हात कुठे थरथरला, कुठे उगाच फलकारा मारला, हे बघण्याचा पगार घेतो. समीक्षक याहून वेगळं काय करतो? त्याला पगार नसतो, एवढंच.

पेंटर गावातलाच. साठीचा. उसाच्या ट्रॉल्या, ट्रकच्या केबिनी, शाळेवरचे गांधी-नेहरू आणि निवडणुकीतली सर्वपक्षीय चिन्हं या क्षेत्रांत त्याचा हात फिरलेला. घराच्या भिंतीला लावतात तशी त्यानं प्लायवूडच्या सांध्यांतून लांबी भरली, पॉलिश पेपर मारला आणि वर दोन हात दिले. भिंत अशी गुळगुळीत झाली की दादानं तिच्यात भांग पाडला. मग चाचणी म्हणून गाडी इंदापूरपर्यंत नेऊन आणली. परत आली तेव्हा सगळी लांबी सांध्यांतून निघून पलंगावर पडली होती आणि भिंतीवर गणपतराव जाधवांच्या तळहाताइतक्या रेषा उमटल्या होत्या. (गणपतराव कुणी नाहीत. उपमा द्यायला नाव लागतं.)

इथे एक शास्त्रीय मुद्दा आहे. अजिंठ्याच्या कारागिरांनी कातळावर मातीत भाताचं तूस कालवून गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि चित्रं काढली. ती इतकी शतकं टिकली याचं जगाला नवल वाटतं. वाटायलाच पाहिजे. पण अजिंठ्याचा डोंगर जागचा हलला नाही, ही सोय विसरता कामा नये. तोच डोंगर एकदा गतिरोधकांवरून इंदापूरला नेऊन आणावा, मग बोलू. गाडीची भिंत रोज हलते, उन्हात फुगते, पावसाळ्यात स्वयंपाकाची वाफ धरून घामेजते. तिथे जाड थर उपयोगाचा नाही. पेंटरला हे एका खेपेत कळलं. त्यानं उरलीसुरली लांबी खरवडली, सांध्यांवर लाकडी पट्ट्या मारल्या, आतला जुना चिकटा साबणाच्या पाण्यानं धुतला, लोखंडाला रेड ऑक्साइड, प्लायला प्रायमर, आणि त्यावर रंगाचे पातळ-पातळ तीन हात, मधे एकेक दिवस सोडून. मे महिना होता, दुपारी पत्रा तापला की रंग वरून सुकायचा आणि आत ओला राहायचा. म्हणून तो पहाटे काम करायचा. ऑइलपेंटचा वास जाण्यासाठी आठवडाभर दारं-खिडक्या सताड उघड्या. त्या आठवड्यात गाडीत दोन कोंबड्या राहून गेल्या. पहिल्या पर्यटक त्याच.

कारागिरीला माझे पूर्ण गुण. वाद आहे तो कलेचा.

दादाला सगळं पांढरं हवं होतं, परदेशातल्या फोटोत असतं तसं. पेंटर म्हणाला, “पांढरा रंग दवाखान्याला. मानूस झोपायचं हाय का ॲडमिट व्हायचंय?” शेवटी फिकट पिवळ्यावर तडजोड झाली. दादा दोन दिवस पुण्याला गेला, आणि आला तेव्हा डाव्या भिंतीवर काश्मीर होतं. दोन डोंगर, मधून सूर्य, एक नदी, नदीवर हंस, काठाला लाल कौलांचं घर आणि घराकडे बघणारं हरीण. सूर्य उगवतीचा की मावळतीचा हे पेंटरनं शेवटपर्यंत उघड केलं नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. चित्राच्या शेजारीच खरी खिडकी आहे. खिडकीतून ऊस दिसतो, भिंतीवरून बर्फ. घरात बसून माणसानं भिंतीवर दुसरं घर का बघावं? आणि गाडी चालू झाली की ऊस पळतो, हरीण उभंच. मला तर पाचव्या मिनिटाला मळमळलं. हे मी परखडपणे सांगितलं. पेंटर म्हणाला, “सायेब, तुमी उभं राहून बघताय. ही गाडी झोपून बघायची हाय.”

झोपून बघणारं माणूस कोण, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काकी, दादाची आई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तुकोबांची पालखी बारामतीत आली की ती तिथून दिंडीत शिरायची ती पंढरपूरलाच थांबायची. गुडघे गेल्यापासून वारी बंद. गेली चार वर्षं पालखीच्या दिवशी दादा तिला काटेवाडीपर्यंत स्कूटरवर नेतो. परीट मंडळी पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतात, रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते बघून ती परत येते आणि त्या दिवशी कुणाशी बोलत नाही. पर्यटनाचं धोरण वगैरे सगळं निमित्त होतं. पण काकीनं गाडीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. “चालत गेलं तर वारी,” ती म्हणायची, “बसून गेलं की सहल.”

उजव्या भिंतीवर, पलंगापासून वीतभर उंचीवर, पेंटरनं एक लांब पट्टा कोरा ठेवला होता. एका पहाटे त्यानं तिथे मेंढ्या काढायला घेतल्या. मेंढ्या म्हणून त्या वाईटच. पाय फुटलेले दुधी भोपळे म्हणा. मधे रथ, पताका, टाळकरी. चहा द्यायच्या निमित्तानं काकी दारातून डोकावली.

“अरं, मेंढक्या कुटं हाय? मेंढरं काय आपआपली फिरत्यात?”

पेंटरनं खांद्यावर घोंगडी घेतलेला मेंढपाळ काढला. दुसऱ्या दिवशी काकी पायरी चढून आत आली, पलंगावर बसली, आणि तुळशीवालीच्या डोक्यावर वृंदावन नीट बसलेलं नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी, दिंडीतल्या बाया इतक्या टापटीप नसतात, चिखल दाखव. चौथ्या दिवशी ती आडवी झाली. ठणकणारा गुडघा वर म्हणून डाव्या कुशीवर, तोंड भिंतीकडे. पट्टा बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आला. वीस वर्षांत माझ्या टेबलावर इतकी तंतोतंत जुळलेली सही आलेली नाही. मी काश्मीरवरचे आक्षेप कायम ठेवून एवढं मान्य करतो.

छत तेवढं राहिलं. पेंटरला तिथे निळं आभाळ आणि बगळ्यांची माळ हवी, दादाला अजून पांढराच. पालखी बारामतीत यायला दोन दिवस होते. दोघं वर बघत भांडत होते आणि मी निर्णायक मत द्यायच्या तयारीत होतो.

काकी पलंगाखाली आपली पिशवी सरकवत होती.

“ऱ्हाऊ द्या ते आता,” ती म्हणाली. “पंढरपुरासनं आल्यावर बगू.”

दादा काही बोलला नाही. किल्ली घेऊन डिझेल भरायला निघाला, तो ओला ब्रश तसाच हातात धरून.